पार्टचे पैसे देता, मग शोधायचे का नाही?

जुन्या गाडीचा धूर आपल्याकडे दर सहा महिन्यांनी तपासतात. बीएस-४ किंवा त्यानंतरची गाडी असेल तर वर्षातून एकदा. ब्रेक मात्र सरकार बघतं ते गाडी १५ वर्षांची झाल्यावर, मालक नोंदणी वाढवून घ्यायला आरटीओच्या दारात उभा राहिला की. त्यानंतर दर ५ वर्षांनी. टॅक्सी, टेम्पो, वडापच्या जीपा यांचं पासिंग जास्त वेळा होतं. ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. पण घरच्या मारुतीला पहिली १५ वर्षं कुणी विचारत नाही की बाई, तू थांबतेस का?

मी शिरगावजवळ, चिपळूण-कराड रस्त्यावर गॅरेज चालवतो. कुंभार्ली घाट उतरून आलेली गाडी आधी माझ्या दारावरून जाते आणि मग चिपळुणात शिरते. घाट चढायच्या आधी लोक रेडिएटर बघून घेतात, टायरमध्ये हवा भरतात. उतरून आले की चाकातून वास मारत असतो, तरी काच खाली करून विचारतात, "काय हो, कुठे काही जळतंय का?" तुमचीच गाडी जळतेय, दादा.

परवा पाटणकडचे एक निवृत्त शिक्षक आले. मारुती ८००. शेवटची ८०० कारखान्यातून २०१४ च्या जानेवारीत बाहेर पडली, त्यामुळे आता रस्त्यावर दिसतात त्या सगळ्या वयस्कर; यांची तर चांगलीच जुनी, पण आतून-बाहेरून पुसलेली, सीटवर विणलेली कव्हरं. लेकीकडे चिपळूणला निघाले होते.

"ब्रेक लागतो रे बाळा," गुरुजी म्हणाले. "पहिल्यांदा दाबला की जरा मऊ लागतो. दुसऱ्यांदा दाबला की पक्का."

"दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला म्हणून तुम्ही इथवर आलात, गुरुजी."

ते हसले आणि खिशातून बिल काढलं. महिन्यापूर्वीच कुठल्याशा गॅरेजात मास्टर सिलिंडर नवा टाकलेला. पैसे भरपूर गेले होते आणि पेडल होतं तसंच. माझं म्हणणं या बिलापासून सुरू होतं.

मऊ पेडल ही तक्रार ऐकली की आमच्या धंद्यात बहुतेकांचा हात आधी मास्टर सिलिंडरकडे जातो. पुढे बॉनेटखाली असतो, दोन नट, दोन पाइप, तासाभरात बदलून होतो. पण पेडल मऊ का झालं हे सांगायला गाडी स्वतः तयार असते, फक्त पायानं ऐकावं लागतं. इंजिन बंद ठेवून सीटवर बसायचं आणि पेडल दाबायचं. दोन-चार वेळा पंप केल्यावर पेडल वर आलं, कडक झालं, पण पायाखाली अजून लवचीक लागतंय तर बहुधा लाइनीत हवा आहे. पेडल खूप खाली जातं पण तिथे गेल्यावर ठाम थांबतं, तर मागच्या ड्रममधले लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेत. त्यांना अ‍ॅडजस्ट करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि पाय एकसारखा दाबून धरला असताना पेडल हळूहळू, चोरपावलांनी फळीकडे सरकत असेल, बाहेर कुठेही थेंब नसेल, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेलीत असं म्हणायचं. तीन वेगळे आजार आहेत. गिऱ्हाईक तिघांनाही "ब्रेक डाउन झालाय" म्हणतं, ते ठीक. मिस्त्रीनंही तसंच म्हणून कसं चालेल?

गुरुजींचं पेडल सरकत नव्हतं. ते लवत होतं. मग आम्ही रबरी होज क्लॅम्पनं बंद केले (गोल जबड्याचा क्लॅम्प मिळतो त्यासाठी, पक्कडीनं आवळलात तर चांगला होज तिथेच माराल). सगळे बंद केल्यावर पेडल वरच्या वर कडक. म्हणजे मास्टर सिलिंडरचा काही संबंध नाही. नव्याचा नाही आणि, माझी खात्री आहे, जुन्याचाही नव्हता. मग एकेक क्लॅम्प सोडत गेलो. मागचे सोडले, पेडल किंचित खाली आलं, तेवढं चालतं. पुढचा उजवा सोडला, ठीक. पुढचा डावा सोडला आणि पेडल भसकन खाली. माझ्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा आहे. त्याला गाडीत बसवलं, गुरुजींना वाकून खाली बघायला लावलं आणि त्यांचं बोट त्या होजवर ठेवलं. मुलगा पेडल दाबायचा, होज बोटाखाली फुगायचा. सोडला की बसायचा. वरून बारीक भेगा पडलेल्या. गाडीबरोबर आलेला मूळचा होज असणार. पाय जो जोर लावत होता त्यातला बराचसा चाकाला मिळायच्या आधी रबर फुगवण्यात खर्च होत होता.

पुढचे दोन्ही होज बदलले. निपल खोलला तर तेल निघालं कोऱ्या चहाच्या रंगाचं. नवं तेल जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ किंवा फिकट पिवळं असतं. सगळं काढून नवं भरलं, चारी चाकांची एअर काढली, मागचे लायनर अ‍ॅडजस्ट केले. एकूण खर्च मास्टर सिलिंडरच्या बिलाच्या निम्म्याहून कमी. गुरुजींनी गाडी रस्त्यावर फिरवून आणली आणि विचारलं, "मग त्यांनी मास्टर कशाला बदलला?"

त्याचं उत्तर गिऱ्हाइकाला आवडत नाही. मास्टर बदलला कारण मास्टरचे पैसे मागता येतात. खोकं दाखवता येतं, जुना पार्ट पिशवीत घालून देता येतो. अर्धा-पाऊण तास गाडीखाली पडून दोष नेमका कुठे आहे ते शोधलं, त्याचे पैसे मागून बघा. "शोधायचे कसले पैसे? ते तुमचं कामच आहे ना?" हे मी माझ्याच दारात कितीदा ऐकलंय. शोधायला मोल नाही म्हटल्यावर मिस्त्री अंदाजानं पार्ट बदलत जाणार आणि अंदाज चुकला की त्याचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार. यात लबाड गॅरेजवाले आहेत, नाही कशाला म्हणू. पण प्रामाणिक माणसालाही लबाडीकडे ढकलणारा हा हिशेब आपण सगळ्यांनी मिळून मांडलाय.

धुराचंही तेच. धूर दिसतो, कागद मिळतो, तो कागद मागितलाही जातो. ब्रेकच्या तेलात पाणी किती मुरलंय हे दिसत नाही, म्हणून ते कुणी मागत नाही. मला धुराच्या तपासणीबद्दल काही म्हणायचं नाही, ती हवीच. पण गाडी माणसं मारते ती धुरानं सावकाश आणि ब्रेकनं एका वळणावर.

तेलात पाणी मुरतं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ब्रेक ऑइल म्हणून आपण बाटलीतून ओततो ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. हवेतली ओल ओढून घेणं हा त्याचा गुणधर्म. टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून, रबरी होजच्या भिंतीतून ओल आत जातच राहते. गाडी चालवा किंवा पोर्चमध्ये झाकून ठेवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे तेलाची काय कथा! डॉट ३ दर्जाचं कोरं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की १४० वर येतं. डॉट ४ चं २३० वरून १५५. रोजच्या बाजारहाटाला याचा काही फरक पडत नाही. कुंभार्लीला पडतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे शूर लोक आहेत; त्यांच्या गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं, पॅड आणि ड्रम तापतात, ती आच सिलिंडरमधल्या तेलापर्यंत पोहोचते आणि ओलं तेल उकळायला लागतं. उकळलं की वाफ. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र मुकाट्यानं दाबली जाते. पेडल फळीला टेकतं, गाडी चालूच.

यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. अर्ध्या तासानं तेल निवलं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल पहिल्यासारखं कडक! माणूस घाटाखाली चहा पितो, गाडीत बसतो, पेडल दाबून बघतो, सगळं ठीक. गॅरेजात आणली तरी सकाळी थंड गाडीत आम्हाला काही सापडत नाही. "काही नाही हो, तुमचा भास असेल," असं सांगून परत पाठवलेली गिऱ्हाइकं मला माहीत आहेत. केंद्र सरकारनं आता वाहन तपासणीसाठी स्वयंचलित केंद्रं आणली, तिथे रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद मोजतात. चांगलीच गोष्ट आहे. एका बाजूचा ब्रेक कमी लागतोय, हॅन्डब्रेक नावालाच आहे, हे त्यात लगेच कळतं. पण चार मिनिटांच्या थंड चाचणीत जुनं, ओलं तेल झकास पास होतं. ज्या दोषानं गाडी घाटात जाते, तो तिथे दिसतच नाही.

आणि मग बातमी येते की ब्रेक निकामी झाल्यानं गाडी दरीत कोसळली. मोठे ट्रक, एसटी यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांची दुखणी वेगळी. मी बोलतोय जीप, कार, छोट्या पिकअपबद्दल. ब्रेक निकामी झाला एवढं छापलं की जणू वीज पडली. तेल कधी बदललं होतं, हा प्रश्न पंचनाम्यात कुणी विचारल्याचं माझ्या वाचण्यात नाही.

चिपळूणकरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. माझं गॅरेज वरच्या अंगाला असल्यामुळे वाचलं आणि पुढचे कित्येक महिने आम्ही चिखलच धूत होतो. लोकांनी इंजिनं खोलून घेतली, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं. त्या सगळ्या खर्चात ब्रेकचं तेल बदलायचं बहुतेकांच्या डोक्यातही आलं नाही, कारण गाडी चालू झाली आणि ब्रेक लागत होता. ड्रममध्ये बसलेला गाळ, बूस्टरमध्ये शिरलेलं पाणी, गंजायला लागलेले व्हील सिलिंडर, यांना आपला रंग दाखवायला वेळ लागतो. तशा गाड्या पुढे विकल्या गेल्या, कुठे कुठे फिरत असतील. जुनी गाडी घेणाऱ्यानं सीटखालच्या रुळात वाळलेला गाळ आहे का बघावं आणि असला तर घरी नेण्याआधी ब्रेक उघडून घ्यावा.

एक सवय तर मुळासकट काढायला हवी. टाकीतलं तेल कमी दिसलं की वरून भरायचं. तेल उडून जात नाही. कमी झालं म्हणजे एक तर पॅड झिजलेत आणि पिस्टन पुढे सरकल्यामुळे तेल तिकडे जाऊन बसलंय, नाही तर कुठेतरी गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओल नाही, खाली थेंब नाही, तरी तेल जातंय? मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सैल करून मागे बघा. मागचं सील गेलेलं असलं की तेल गुपचूप बूस्टरच्या पोटात उतरत राहतं, जमिनीवर काहीच दिसत नाही. वरून भरणारा माणूस हा पुरावा दर महिन्याला पुसत असतो. आणि भरताना हाताला येईल ते भरतो. एका जीपवाल्यानं स्टिअरिंगचं ऑइल ओतून आणली होती. खनिज तेलानं आतली रबरं फुगून सिलिंडरात अडकली होती. मास्टरपासून चारी चाकांपर्यंत एक रबर शिल्लक ठेवता आलं नाही.

मिस्त्री लोकांसाठीही दोन शब्द, कारण ते पेपर वाचतात. जुन्या गाडीची एअर काढताना पेडल पार फळीपर्यंत दाबू नका. एरवी पिस्टन जिथपर्यंत जात नाही, तिथे मास्टरच्या नळीत गंज आणि मळ बसलेला असतो. पेडल तळाला नेलंत की चांगली रबरं त्या गंजावरून घासतात आणि एअर काढायला आलेली गाडी खरोखरच मास्टर घालवून जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. आणि एअर काही केल्या निघत नसेल तर निपल कुठे आहे ते बघा. भंगारातला कॅलिपर आणून बसवताना डावा उजवीकडे लागला की निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर राहते, तुम्ही खालून तेल काढत बसता. अशी एक गाडी माझ्याकडे दोन गॅरेजं फिरून आली होती. तेलाच्या बाटल्या किती संपल्या असतील देव जाणे. मालक शपथेवर सांगत होता की मास्टर डुप्लिकेट निघाला.

आता जुन्या गाड्यांविरुद्धचा गजर. १५ वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिचे ब्रेक लागत होते की नाही हा प्रश्नच नव्हता. वय मोजणं सोपं, कॅलेंडर बघितलं की झालं. म्हणून आपण वय मोजतो. माझ्या दारात सहा-सात वर्षांच्या चकचकीत एसयूव्ही येतात, फुकट सर्व्हिसिंग संपल्यापासून ब्रेकच्या तेलाला हात न लावलेल्या. दोन वर्षांनी बदला असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं, पिशवी न उघडलेली. त्यांच्यापेक्षा गुरुजींची ८०० आज घाटात जास्त भरवशाची आहे. ५००० रुपये घेता ना, मग त्यात ब्रेकच्या तेलाचा उत्कलनांक तपासा. त्याचं यंत्र मिळतं. तेल बदलल्याचं तारखेचं बिल मागा. फी कशाची घेतली ते तरी कळेल.

पीयूसीच्या रांगेतच ब्रेकची तपासणी जोडा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. गाडी न बघता पीयूसी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात ब्रेकचाही एक खोटा कागद वाढेल आणि लोक तो डॅशबोर्डवर ठेवून निर्धास्त न्यूट्रलमध्ये उतरतील. त्यापेक्षा खरं सांगायचं तर गिऱ्हाइकानं शोधायचे पैसे देणं जास्त उपयोगाचं. मिस्त्रीला विचारा, दोष कुठल्या चाकात आहे? कसं ओळखलंत? मला दाखवता का? दाखवता येत नसेल तर पार्ट बदलू देऊ नका. आणि दाखवलं तर त्या अर्ध्या तासाचे पैसे कुरकुर न करता द्या.

माझ्याकडचा तो मुलगा हुशार आहे. क्लॅम्प लावून चाक शोधणं त्याला मनापासून आवडतं. पण महिनाअखेरीस तो गणित मांडतो: शेजारच्या गॅरेजात पार्टवर कमिशन मिळतं, आपल्याकडे शोधण्यावर काय मिळतं? म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर मी भिंतीवर पाटी लावली: ब्रेक तपासणी ३०० रुपये, त्यातले १०० तपासणाऱ्याचे. दोष सापडला नाही तर पैसे परत. लोक अजून भांडतात. एका काकांनी तर पाटीवर बोट ठेवून विचारलं, बाकीचे २०० कुणाचे? जागेचं भाडं, म्हटलं. ते बसले, चहा घेतला आणि गाडी आत लावा म्हणाले.